परसू जुना, बाग नवी

गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या समाजातील पुष्कळ जुन्या घरांची पुनर्बांधणी झाली. दुकान खाली आणि बिऱ्हाड वर, ही पेठेतील रचना मागे पडली. घराचा दर्शनी भाग, स्वयंपाकघर, देवघर यांवर कुटुंबे महिनोन्महिने खल करतात. फरशीच्या एका तुकड्यासाठी सांगलीपर्यंत चकरा होतात. परसू मात्र सर्वांत शेवटी, उरलेल्या पैशांत आणि उरलेल्या उत्साहात उरकला जातो. त्यामुळे वास्तुविशारदाचे घर एका विचाराचे आणि मागील अंगण भलत्याच विचाराचे, असे दृश्य सर्रास दिसते. वास्तविक कोल्हापूरसारख्या शहरात ज्या घराला आज परसू शिल्लक आहे, ते घर भाग्यवानच म्हटले पाहिजे.

जुना परसू ही आजच्या अर्थाने बाग नव्हतीच. ते घराचे दुसरे कार्यालय होते. आड, रहाट, धुण्याचा दगड, न्हाणी, वाळवणाची जागा, सरपण ही त्याची मुख्य खाती. न्हाणीचे पाणी ज्या बाजूला वाहील तिकडे केळी, अळू आणि कर्दळ असत, कारण त्यांना सतत ओल लागते आणि सांडपाण्याची त्यांना तक्रार नसते. शेवगा कुंपणाशी असे, कारण त्याची फांदी वाऱ्याने मोडते आणि मोडली तर ती घरावर पडू नये. कढीपत्ता स्वयंपाकघराच्या दाराशी, फोडणी तडतडत असताना हात लांबवून तोडता येईल इतक्या अंतरावर. पारिजातक अंगणाच्या सारवलेल्या भागात, कारण त्याची फुले तोडायची नसतात. ती पहाटे आपोआप गळतात आणि ती स्वच्छ जमिनीवरच पडली पाहिजेत. गवती चहा, आडुळसा, कोरफड ही औषधी मंडळी उरलेल्या कोपऱ्यांत. कोणी नकाशा काढला नव्हता, तरी प्रत्येक झाड आपल्या कामाच्या जागी उभे होते. आजच्या भाषेत ज्याला रचना म्हणतात ती याहून निराळी काय असते?

तरीही जुन्या परसवाचे गोडवे गाणाऱ्यांना मी एक विनंती करीन. त्यांनी श्रावणात एखाद्या खऱ्या जुन्या परसवात दहा मिनिटे उभे राहून पाहावे. शेवाळलेली फरशी, अंधारा कोपरा, सरपणाखालची विंचवांची वस्ती आणि घसरून पडण्याची कायमची भीती. परसवात घसरून खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्ध स्त्रिया प्रत्येक गल्लीत एक-दोन तरी सापडतील. शिवाय परसू हे घरातील स्त्रियांच्या कष्टांचे ठिकाण होते; तेथे कोणी बसत नसे, तेथे राबत. नव्या पिढीला जर तेथे संध्याकाळी खुर्ची टाकून बसावेसे वाटत असेल, मुलांना खेळवावेसे वाटत असेल, तर त्यात गैर काही नाही. तेव्हा परसू बदलू नये, असा माझा आग्रह नाही. तो बदलताना कशाचा हिशेब धरायचा, एवढाच प्रश्न आहे.

हा प्रश्न अलीकडे एका घराच्या निमित्ताने माझ्यासमोर आला. छत्रपती शाहू महाराजांनी १८९५ मध्ये गुळाच्या व्यापारासाठी वसविलेल्या शाहूपुरीतील हे घर. पुढे वखार, मागे राहते घर आणि त्यामागे ३० फूट बाय ५० फुटांचा परसू. आजोबांच्या काळापासून गुळाची अडत. आता दोन बंधू, त्यांची मुले आणि वयाची ऐंशी ओलांडलेल्या थोरल्या आक्का. धाकट्या पिढीने पुण्याहून एक आराखडा करवून आणला होता. बँकेतील नोकरीमुळे अंदाजपत्रके वाचण्याची सवय जडलेला मनुष्य म्हणून त्यांनी तो माझ्याकडे पाहावयास दिला.

आराखडा देखणा होता, हे प्रथम सांगितले पाहिजे. अर्ध्या जागेत गालिच्यासारखी हिरवळ, उरलेल्या भागात सिमेंटचे रंगीत ठोकळे, एका भिंतीवर उभी बाग, कोपऱ्यात कृत्रिम धबधबा, ओळीने पामची झाडे आणि जमिनीत बसविलेले चोवीस दिवे. आडावर सिमेंटचा स्लॅब आणि त्यावर बैठक. मध्यभागी असलेला बकुळ काढून टाकावयाचा होता, कारण तो ‘दृश्याच्या आड’ येत होता. अंदाजपत्रकात सोळा बाबी होत्या आणि शेवटी बेरीज होती. बेरीज बरोबर होती. परंतु जी सतरावी बाब तेथे नव्हती, तीच सर्वांत मोठी होती, ती म्हणजे दरवर्षीचा खर्च.

व्यापारी कुटुंबांना भांडवली खर्च आणि आवर्ती खर्च यांतील भेद समजावून सांगण्याची गरज नसते. वखारीत नवा काटा घेताना जो मनुष्य त्याच्या दुरुस्तीची चौकशी आधी करतो, तोच बागेच्या बाबतीत ती विचारावयास विसरतो, याचे मात्र मला नेहमी नवल वाटते. हिरवळीचे उदाहरण घ्या. अर्धा परसू म्हणजे ७५० चौरस फूट, अर्थात सुमारे ७० चौरस मीटर. उन्हाळ्यात हिरवळीला दर चौरस मीटरमागे दिवसाला साधारण ५ लिटर पाणी लागते, म्हणजे रोज ३५० लिटर. शहरी पाणीपुरवठ्याच्या नियोजनात एका माणसासाठी दिवसाला १३५ लिटर धरले जातात. याचा अर्थ असा की, ही हिरवळ म्हणजे घरात अडीच माणसे वाढली आणि ती अडीच माणसे काहीही करीत नाहीत! त्यापुढे दर पंधरा दिवसांनी कापणी, तण काढणे, खत, पावसाळ्यात बुरशी. हिरवळ ही इंग्लंडच्या हवेची अपत्य आहे. तेथे वर्षभर थोडाथोडा पाऊस पडतो, ऊन सौम्य असते. आपल्याकडे पाऊस चार महिन्यांत उरकतो आणि पुढचे आठ महिने नळाकडे पाहावे लागते. दुसऱ्याच्या हवेतील शोभा आपल्या हवेत उभी करावयाची तर फरकाची रक्कम कोणीतरी भरावीच लागते.

येथवरचा हिशेब कोणत्याही घराला लागू पडतो. आपल्या घरांचा आणखी एक हिशेब आहे. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत, हे पाठशाळेत गेलेल्या प्रत्येकास ठाऊक असते. पापोपदेश, हिंसादान, अपध्यान, दुःश्रुती आणि प्रमादचर्या. यांतील प्रमादचर्या म्हणजे काय? प्रयोजन नसताना जमीन खणणे, पाणी सांडणे, अग्नी पेटविणे, वारा घालणे, वनस्पती तोडणे. मला तर ही यादी वाचताना बागेच्या कंत्राटाची आठवण होते. पृथ्वी, जल, अग्नी, वायू आणि वनस्पती हे पाचही स्थावर काय एकाच अंदाजपत्रकात येतात, असा व्यवहार बागेखेरीज क्वचितच असेल.

याचा अर्थ श्रावकाने बाग करू नये असा नव्हे. गृहस्थाला आरंभी हिंसा सर्वथा टाळता येत नाही, हे शास्त्रकारांनीच मान्य केले आहे. त्या सूत्रातील कळीचा शब्द ‘प्रयोजन’ हा आहे. लिंबाच्या झाडाला घातलेले पाणी सप्रयोजन आहे. ज्या हिरवळीवर कोणी पाऊल ठेवू नये म्हणून घरातील मुलांनाच दटावले जाते, तिला रोज घातलेले ३५० लिटर पाणी कोणत्या खात्यावर टाकावयाचे? मी पंडित नाही. शंका असल्यास मुनिमहाराजांना किंवा आपल्या पाठशाळेतील गुरुजींना विचारावे. परंतु माझ्या अल्प बुद्धीला ते अनर्थदंडाच्या खात्यात जाते.

दिव्यांविषयी तर शास्त्र उघडावयाचीही आवश्यकता नाही. आपण रात्रिभोजन का वर्ज्य करतो? सूर्यास्तानंतर सूक्ष्म जीव दिसत नाहीत, दिव्याकडे कीटक झेपावतात आणि अन्नात पडतात, हे कारण लहानपणी प्रत्येक आईने सांगितलेले असते. असे असताना त्याच घराच्या मागील दारी चोवीस दिवे रात्री अकरापर्यंत जळत ठेवावयाचे आणि पहाटे त्यांच्या काचांवरून मेलेल्या पाकोळ्या झाडून काढावयाच्या, यातील विसंगती कोणाच्याच लक्षात येऊ नये? धबधब्याचेही तसेच. पहिल्या वर्षी तो रोज चालतो, दुसऱ्या वर्षी पाहुणे आले की चालतो, तिसऱ्या वर्षी पंप बिघडतो आणि खाली स्वच्छ पाण्याचे डबके उरते. डेंग्यू पसरविणारा एडिस डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो. मग डासांसाठी धूर आणि फवारणी. शोभेसाठी साठविलेल्या पाण्यात जीव उत्पन्न होऊ द्यावयाचे आणि नंतर त्यांना मारण्यासाठी माणूस बोलवावयाचा, असा हा उफराटा व्यवहार आहे.

कीटकनाशकांचा प्रश्न याहून अवघड आहे आणि तो टाळण्याजोगा नाही. कित्येक शोभेची झाडे अशी असतात की त्यांना औषधांचा मारा केल्याखेरीज ती टिकतच नाहीत. विलायती गुलाब हे त्यातील ठळक नाव. ठरवून, जाणूनबुजून केलेली हिंसा ती संकल्पी. फुलाचा आकार दोन बोटे मोठा व्हावा म्हणून मावा आणि फुलकिडे मारण्याचा संकल्प करावयाचा का, हे ज्याचे त्याने ठरवावे. माझे मत विचाराल तर हा प्रश्न फवारणीच्या दिवशी सोडवावयाचा नसतो, तो रोपवाटिकेत सोडवावयाचा असतो. जे झाड आपल्या हवेत स्वतःच्या बळावर उभे राहते तेच घ्यावे. पारिजातक, कण्हेर, अनंत, सोनचाफा, बकुळ, अबोली यांच्यासाठी घरात फवारणीचा पंप ठेवण्याची पाळी सहसा येत नाही.

आता या शहराच्या एका वैभवाकडे वळतो, कारण बागेविषयी बोलताना कोल्हापूरकराला पुण्याकडे पाहण्याचे वास्तविक कारण नाही. श्रीपाद अच्युत दाभोलकर हे नाव तरुण वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. त्यांचे धाकटे बंधू डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचे नाव सर्वांना माहीत आहे. श्रीपादराव मूळचे गणिताचे शिक्षक. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात त्यांनी काम केले आणि पुढे कोल्हापुरात राहून ‘प्रयोग परिवार’ ही चळवळ उभी केली. तासगावच्या द्राक्षबागायतदारांपासून गच्चीवर भाजी पिकविणाऱ्या शहरी कुटुंबांपर्यंत असंख्य माणसे तिच्याशी जोडली गेली. ‘विपुलाच सृष्टी’ हे त्यांचे पुस्तक. त्यांच्या विचाराचे सार मला माझ्या व्यवसायाच्या भाषेत असे सांगता येईल. सूर्यप्रकाश ही रोज जमा होणारी, कोणताही कर नसलेली रक्कम आहे; हिरवे पान हे ती रक्कम स्वीकारणारे खाते आहे; आणि गळलेले पान, भाजीचे देठ, उसाचे चिपाड ही परत गुंतविण्याची मुद्दल आहे. जो ती मुद्दल कचरागाडीत टाकतो तो आपलेच भांडवल रस्त्यावर उधळतो. पाच माणसांच्या कुटुंबाचा योगक्षेम दहा गुंठ्यांत चालू शकतो, असे ते गणित मांडून सांगत.

त्यांच्या या विचाराने पुढे मुंबईतही मूळ धरले. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर तेथील अधिकारी प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यावर फळझाडे आणि भाज्या वाढविल्या. गोदीतील सिमेंटच्या गच्चीवर जे घडू शकते, ते शाहूपुरीच्या काळ्या मातीत घडू नये, असे काही कारण नाही.

परंतु नव्या घरातील तरुण यावर म्हणतील, आणि त्या घरातील नातवाने मला तसे म्हटलेही, ‘काका, हे सगळे पटते, पण हे दिसायला कसे दिसणार? पुन्हा तेच जुने जंगल होणार ना?’ हा आक्षेप खरा आहे आणि उपयुक्ततेचे पोवाडे गाऊन तो उडवून लावता येत नाही. माणसाला घरात सौंदर्य हवे असते. देरासर-बस्तीची शिखरे आपण केवळ छप्पर म्हणून बांधली नाहीत.

मला वाटते, नवी शैली म्हणजे परदेशी झाडे, हा समजच मुळात चुकीचा आहे. ब्राझीलचे रॉबर्टो बर्ले मार्क्स हे विसाव्या शतकातील आधुनिक उद्यानरचनेचे एक मोठे नाव. रिओ येथील कोपाकबाना किनाऱ्यावरील लाटांच्या नक्षीची पायवाट त्यांच्या रचनेतील. हा मनुष्य तरुणपणी जर्मनीत असताना बर्लिनच्या वनस्पती उद्यानात गेला आणि तेथील काचघरांत त्याने काय पाहिले, तर स्वतःच्या देशातील झाडे! मायदेशातील बागांत ज्यांना कोणी विचारीत नव्हते ती झाडे परक्यांनी कौतुकाने जपली होती. परतल्यावर त्याने आपल्या बागा ब्राझीलच्या रानातील वनस्पतींनी सजविल्या आणि त्याच बागा जगाने आधुनिक म्हणून गौरविल्या. आधुनिकता रेषेत असते, मांडणीत असते, मोकळ्या जागेच्या मापात असते; रोपाच्या पारपत्रात नसते.

आणि आपल्या दाराशी तर सह्याद्री उभा आहे. शिवाजी विद्यापीठाचे वनस्पती उद्यान एकदा पाहून यावे, म्हणजे पश्चिम घाटातील वनस्पतींचे ऐश्वर्य काय आहे याची कल्पना येते. तेथे जतन केलेली कंदीलपुष्पे पाहण्यासाठी दूरदूरचे अभ्यासक येतात. आपण मात्र तीन मैलांवरून जात नाही. महावीर उद्यानात भरणाऱ्या गार्डन्स क्लबच्या पुष्पप्रदर्शनालाही आपली मंडळी जातात, ती बहुधा शेवंती आणि डेलियाजवळ फोटो काढून परततात. पांढऱ्या भिंतीवर चढविलेली कुसर, एका कोपऱ्यात एकटाच उभा बहावा, महाराष्ट्राचे राज्यपुष्प असलेला ताम्हण, कडेने धायटीची झुडपे, यांच्यापुढे पामची रांग मला तरी हॉटेलच्या प्रवेशद्वारासारखी वाटते.

झाडे निवडताना आपल्या परंपरेकडेही पाहता येईल. भगवान ऋषभदेवांना वटवृक्षाखाली आणि भगवान महावीरांना शालवृक्षाखाली केवलज्ञान झाले. वड परसवात लावता येत नाही. तो घरालाच गिळील. शाल हा मध्य आणि पूर्व भारतातील वनांचा वृक्ष, तो येथे रमत नाही. परंतु अष्टप्रातिहार्यांतील पहिला जो अशोकवृक्ष, तो आपल्याकडे उत्तम येतो. येथे एक घोटाळा मात्र सार्वत्रिक आहे. बंगल्यांच्या कुंपणाशी शिपायासारखी उभी असलेली, उंच, लोंबत्या पानांची जी झाडे ‘अशोक’ म्हणून विकली जातात, तो अशोक नव्हेच. गुजराती मंडळी त्याला आसोपालव म्हणतात. खरा अशोक तो सीता अशोक. मध्यम उंचीचा, दाट छायेचा, वसंतात जुन्या फांद्यांवर केशरी-तांबड्या फुलांचे गुच्छ लागणारा. त्याला थोडी ओल आणि थोडी सावली आवडते, म्हणजे जुन्या आडाजवळची जागा जणू त्याच्यासाठीच राखलेली. औषधासाठी साल ओरबाडली गेल्याने रानातील त्याची संख्या घटली असून जागतिक यादीत तो संकटग्रस्तांत गणला जातो. समाजातील शंभर घरांनी एकेक रोप लावले तर भगवंतांच्या समवसरणातील त्या वृक्षाची थोडी तरी सेवा घडेल.

त्या घरातील बकुळाकडे परत येतो. आक्का नवी नवरी म्हणून त्या घरात आल्या त्या वर्षी लावलेला तो बकुळ. बैठकीत सर्वजण बोलत होते, त्या एका बाजूस बसून फुलांची परडी निवडीत होत्या. पहाटे उठून परसवातील फुले वेचावयाची आणि बस्तीत पाठवावयाची, हा त्यांचा साठ वर्षांचा नेम. पूजेत फुले वाहण्याविषयी आपल्यात पंथभेद आहेत. वीसपंथी आम्नायात फुले वाहतात, तेरापंथी केशराने रंगविलेल्या अक्षता वाहतात, श्वेतांबर मंदिरांत फुलांची आंगी होते, स्थानकवासी बंधू मूर्तिपूजाच करीत नाहीत. तो वाद येथे नको. मुद्दा एवढाच की, आराखड्यातील एकाही झाडाला परडीत पडेल असे फूल येत नव्हते आणि हे सोळा बाबींपैकी कोणाच्याही ध्यानात आले नव्हते. तुमचे काय मत, असे मी विचारले तेव्हा आक्का म्हणाल्या, ‘बकुळ राहू दे. आणि आडाचं तोंड बंद करू नका. बाकी पोरांच्या मनासारखं होऊ दे.’

आडाचे कारण नव्या मंडळींना कळले नाही, म्हणून येथे लिहितो. पाणी गाळल्यावर गाळण्यावर उरलेले जीव ज्या जलाशयातील असतील तेथेच परत पोचवावयाचे, ही जिवाणीची रीत. ती वरून ओतावयाची नसते. बादली पाण्यापर्यंत सोडून हळूच उपडी करावयाची असते. नळ आल्यावर ही रीत पुष्कळ घरांतून गेली, आक्कांनी ती आडाच्या पाण्यापुरती राखली आहे. आडावर स्लॅब पडला म्हणजे त्यांच्या आयुष्यातील एक व्रत सिमेंटखाली जाणार होते, आणि त्या याविषयी बोलल्या त्या केवळ एका वाक्यात.

बकुळाच्या बाबतीत कायदाही आक्कांच्या बाजूने होता. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ प्रमाणे शहरात स्वतःच्या आवारातील झाडही महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवाचून तोडता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना प्राचीन वृक्ष म्हणून विशेष संरक्षण मिळाले आहे. ‘एका रात्रीत उतरवू, कोणाला कळणार नाही,’ असे कंत्राटदार म्हणाला. अचौर्याणुव्रत घेतलेल्या घरात हे वाक्य उच्चारले गेले, याचे मला वाईट वाटले. परंतु थोरल्या बंधूंनी त्यास तेथल्या तेथे नकार दिला, हेही नमूद केले पाहिजे.

मग आराखडा नव्याने झाला. पुण्याच्या त्याच तरुण रचनाकाराने केला आणि खुल्या मनाने केला. हिरवळ राहिली, पण १० फूट बाय १२ फूट, खरोखर बसण्यापुरती. सिमेंटच्या ठोकळ्यांऐवजी जांभा दगडाची चार फूट रुंद, सरळ, न घसरणारी वाट आणि तिच्या एका बाजूने कठडा. जांभा पाणी शोषतो, सांध्यांतून ते जमिनीत मुरते. वर्षाला सुमारे १००० मिलिमीटर पाऊस धरला तर या १३९ चौरस मीटरच्या परसवावर एक लाख एकोणचाळीस हजार लिटर पाणी पडते. ते सिमेंटवरून जयंती नाल्यात आणि तेथून पंचगंगेत धाडावयाचे की आपल्याच आडात मुरवावयाचे? २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या, राजाराम बंधाऱ्यावरील ४३ फुटांची धोका पातळी तोंडपाठ झालेल्या कोल्हापूरकराला याहून अधिक काय सांगावे! एका परसवाने पूर अडत नाही, हे खरे. छपरावरचे पाणीही पहिले दोन पाऊस सोडून, वाळू-खडीच्या गाळणीतून आडाकडे वळविले आहे. आडावर स्लॅबऐवजी लोखंडी जाळी आणि तिला बादली जाईल एवढे, कुलूप लावता येणारे झाकण. बकुळाच्या बुंध्याभोवती तीन फूट माती मोकळी, आणि त्यापलीकडे गोल पार. बैठक हवी होती, ती अशी बकुळाखालीच झाली.

आक्कांना वाकता येत नाही, म्हणून फुलझाडांचे आणि भाजीचे वाफे विटांच्या बांधणीत कमरेइतके उंच केले. बाजारातील तयार बियांच्या संचात गाजर, मुळा, बीट असतात; ती पाकिटे अर्थातच परत गेली. त्याऐवजी मांडवावर घेवडा, दोडका, पडवळ आणि तोंडली. यात आणखी एक बारकावा आहे. भाद्रपदात दशलक्षण पर्वात हिरवी भाजी वर्ज्य, आणि आषाढात पेरलेला वाफा नेमका त्याच दिवसांत भरास येतो. भाजी वेलीवर जून होते आणि मग ‘घरची बाग परवडत नाही’ अशी कुरकुर सुरू होते. म्हणून पालेभाजी आश्विनात पेरावी. ती थंडीत उत्तम येते आणि पर्वाशी तिचा झगडा होत नाही. खोदाईचे काम थंडीत, जमीन कोरडी असताना उरकावे, रोपे मृगाच्या पहिल्या पावसावर लावावीत आणि आषाढ शुद्ध चतुर्दशीच्या आत कुदळ-फावडे धुऊन ठेवावे. चातुर्मासात जमीन जीवांनी भरून जाते. तेव्हा ती उकरू नये, हे आपल्याकडे सांगावे लागू नये.

दिवे चोवीसचे चार झाले. पिवळे, खाली झाकलेले, वाटेपुरते. धबधबा रद्द झाला, त्याबद्दल नातू थोडा नाराज आहे. उभी बागही रद्द झाली. तिच्या जागी पांढऱ्या भिंतीवर कुसर चढणार आहे आणि तिचे छायाचित्र धबधब्याहून चांगले येईल, अशी रचनाकाराने त्याची समजूत घातली आहे. सोनचाफ्याचे कलम घ्यावे असे ठरले, बियांपासूनचे नव्हे; कलमाला लवकर फुले येतात आणि आक्कांच्या वयाचा विचार करता ते मला योग्य वाटले, जरी बैठकीत तसे कोणी उघड म्हटले नाही.

नव्या अंदाजपत्रकाची रक्कम जुन्यापेक्षा फारशी कमी झालेली नाही. जांभा, वीटकाम आणि आडाची जाळी यांनी हिरवळीत वाचलेले पैसे बरेचसे खाल्ले. आवर्ती खर्च मात्र पूर्वीच्या पाव हिश्शावर आला असावा, असा माझा अंदाज आहे. वाद आता एकच उरला आहे. धाकटे बंधू दुसऱ्या मोटारीसाठी परसवाची दक्षिण बाजू मागतात आणि सीता अशोकाची जागाही नेमकी तीच आहे. रोप रोपवाटिकेत सांगून ठेवले आहे. मृगाला अजून अवकाश असल्याने त्या एका बाबीपुढे मी ‘प्रलंबित’ असा शेरा मारून कागद परत पाठविला आहे.